तुम्ही विचारलेत म्हणून: मेयोचे नेमके काय बिघडले आहे?

कोल्हापूरला गेलो की मामेभाऊ विचारतो, डब्लिनला गणपतीत भेटणारी मराठी मंडळी विचारतात आणि 2025 च्या जूनपासून तर आमच्या कारखान्यात नव्याने रुजू झालेली मुलेही विचारू लागली आहेत: तुमच्या त्या मेयोच्या संघाचे नेमके काय बिघडले आहे? विचारणाऱ्याच्या स्वरात थोडी सहानुभूती असते, थोडी चेष्टा असते, आणि ज्या संघाला 1951 नंतर एकदाही अजिंक्यपद मिळालेले नाही त्याच्या बाबतीत आताच वेगळे काय बिघडले म्हणायचे, ही शंकाही असते. मी दर वेळी उभ्या उभ्या दोन वाक्ये बोलतो आणि ती अपुरी पडतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

मेयो ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, आणि तिच्यातल्या कॅसलबार या गावात मी 2009 पासून राहतो. मेयोचा संघ गेलिक फुटबॉल खेळतो, आणि तो खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. एका बाजूला 15 खेळाडू असतात. चेंडू पायाने मारता येतो, हातात घेता येतो, मुठीने सोबत्याकडे टोलवता येतो, पण तो हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही, मध्ये तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायावरून पुन्हा हातात घ्यावा लागतो. दोन उंच खांबांमधल्या आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. दांडीवरून गेला तर 1 गुण, ज्याला सगळे पॉइंट म्हणतात. गुणफलक 2-14 असा लिहितात, म्हणजे 2 गोल आणि 14 पॉइंट, एकूण 20. खेळाडूंना पगार नसतो. ते नोकरी, शेती किंवा शिक्षण सांभाळून खेळतात, आणि आपल्या काउंटीसाठीच खेळतात. साऱ्या प्रकरणात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण आघाडीला चांगला खेळाडू नसेल तर तो कुठून विकत आणता येत नाही; 1 लाख 38 हजारांच्या वस्तीतून जो निपजेल त्यावरच भागवावे लागते, आणि समोर साडेचौदा लाखांचे डब्लिन असते. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असतो त्या दिवशी कोल्हापूरच्या पेठांत काय वातावरण असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा अभिमान वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र तालमींच्या संघांत बाहेरचे खेळाडू येऊ लागून बरीच वर्षे झाली. इथे ती सोय नाही.

माझे काम औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासण्याचे आहे. एखाद्या बॅचचा आकडा अचानक मर्यादेबाहेर जाणे आणि बॅचमागून बॅच तोच आकडा थोडा थोडा एका बाजूला सरकत जाणे, या आमच्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. पहिलीचे कारण त्या दिवसाच्या कामात शोधायचे असते, दुसरीचे यंत्रात. मेयोच्या पाठीराख्यांनी, आणि त्यांत मीही आलो, या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ केली आहे की सरकत चाललेला आकडा आम्हाला कित्येक वर्षे दिसलाच नाही.

आधी अंतिम सामन्यांबद्दल लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला मेयो म्हटले की तेवढेच ठाऊक असते. 1936, 1950 आणि 1951 ही विजयाची तीन वर्षे. त्यानंतर 1989 ते 2021 या काळात संघ 11 अंतिम लढती हरला, आणि त्यांतल्या सहा मी इथे राहून पाहिल्या. 2013 मध्ये डब्लिनकडून एका गुणाने पराभव झाला. 2016 मध्ये पहिला सामना बरोबरीत सुटला, तोही मेयोच्याच खेळाडूंकडून स्वतःच्या जाळ्यात दोन गोल गेल्यावर, आणि फेरसामन्यात पुन्हा एका गुणाने हार पत्करावी लागली. 2017 मध्ये इंज्युरी टाइममध्ये डब्लिनच्या डीन रॉक याने मारलेल्या फ्री किकवर पुन्हा तोच एक गुण आडवा आला. 2020 मध्ये डब्लिनकडून आणि 2021 मध्ये टायरोनकडून हार झाली, आणि या सलग दोन अंतिम सामन्यांचा गुणफलक हुबेहूब एकच होता: 2-14 विरुद्ध 0-15. पॉइंट मेयोचा एक जास्तच होता, पण गोल त्यांचे दोन आणि आमचा एकही नाही.

हे सगळे वाचून संघ वाईट होता असे वाटेल, पण वस्तुस्थिती उलट आहे. 2011 ते 2021 या 11 वर्षांत मेयो 10 वेळा उपान्त्य फेरीत खेळला. फक्त 2018 मध्ये किल्डेअरने वाट अडवली. 2015 पासून ओळीने सहा अजिंक्यपदे घेणाऱ्या डब्लिनच्या सर्वांत जवळ त्या काळात कोणी गेले असेल तर ते मेयोच. त्या डब्लिनची चॅम्पियनशिपमधली, म्हणजे या अजिंक्यपदाच्या स्पर्धेतली, 45 सामन्यांची अपराजित मालिका अखेर 2021 च्या उपान्त्य सामन्यात तोडली तीही मेयोनेच. अशा संघाचा अंतिम सामन्यात एका गुणाने पराभव झाला तर दुःख व्हावे, पण त्याला घसरण म्हणू नये.

तरीही या पराभवांना काहीतरी कारण हवे होते, आणि लोकांनी ते दंतकथेत शोधले. 1951 चा विजयी संघ डब्लिनहून परतताना फॉक्सफर्ड गावातून एक अंत्ययात्रा चालली होती, खेळाडूंनी जल्लोष थांबवून तिला मान दिला नाही, आणि तिथल्या धर्मगुरूंनी शाप दिला की या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही, अशी ती कथा आहे. मी इथे आलो तेव्हा ती मला गंमत म्हणून सांगितली गेली. काही वर्षांनी लक्षात आले की सांगणारे निम्मेच गमतीत असतात. त्या संघातले अखेरचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर 2021 मध्ये, टायरोनविरुद्धच्या अंतिम सामन्यानंतर थोड्याच दिवसांत वारले. कथेच्या हिशेबाने शाप तिथे संपला. त्यानंतर 2022 ते 2025 या चार वर्षांत मेयो उपान्त्य फेरीतसुद्धा पोहोचला नाही. शाप होता तेव्हा संघ अंतिम सामने खेळत होता, हे आमच्या शेजारच्या आजोबांना मी एकदा बोलून दाखवले. ते हसले नाहीत.

ही चार वर्षे एकाखाली एक मांडून पाहिली की आकडा सरकताना दिसतो. 2022 मध्ये उपान्त्यपूर्व सामन्यात केरीकडून पराभव. 2023 मध्ये त्याच टप्प्यावर डब्लिनकडून, तोही मोठ्या फरकाने. 2024 मध्ये त्याच्या आधीच्या फेरीत डेरीने पेनल्टींवर बाहेर काढले. 2025 मध्ये चार संघांच्या गटातले तीन संघ पुढे जाणार होते आणि मेयो चौथा आला. एकेक पायरी खाली. यापेक्षाही मला जास्त खटकते ती घरच्या मैदानाची यादी. कॅसलबारच्या मॅकहेल पार्कवर 2022 मध्ये गॉलवे जिंकले, 2023 मध्ये रॉसकॉमन, 2024 मध्ये डेरी, 2025 मध्ये कॉनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्यात पुन्हा गॉलवे, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी कॅव्हन. याच काळात मेयोने 2023 मध्ये किलार्नीला जाऊन केरीला हरवले, जिथे चॅम्पियनशिपमध्ये केरीला कोणी 1995 पासून हरवले नव्हते. त्याच वर्षी गॉलवेला गॉलवेत हरवले. आणि 2025 मध्ये कॅव्हनकडून मार खाल्ल्यावर ओमाला जाऊन टायरोनला पाणी पाजले.

जो संघ किलार्नीत आणि ओमात जिंकतो तो आपल्या अंगणात कॅव्हनकडून कसा हरतो? माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली या प्रश्नात आहे, आणि पाठीराख्यांच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते याच विषयावर. मेयोचा खेळ पूर्वीपासून वेगावर आणि अंगावर धावून जाण्यावर उभा आहे. समोरचा संघ मोठा असेल, आपल्या मैदानावर जिंकायलाच उतरला असेल, तर तो पुढे येतो आणि मागे मोकळी जागा सोडतो. चेंडू हिसकावून त्या जागेत धावणे मेयोच्या पोरांना उत्तम जमते. पण पाहुणा संघ कॅसलबारला येऊन संयमाने खेळू लागला, चेंडू मेयोच्याच हातात राहू लागला आणि आता काही तरी घडवा अशी वेळ आली, की पंचवीस-तीस वेळा मुठीने चेंडू या बाजूचा त्या बाजूला फिरतो आणि शेवटी कोणीतरी कोनातून वैतागून मारतो.

पूर्वी यावर एक सबब होती, की प्रतिस्पर्धी सगळे खेळाडू मागे नेऊन गोलासमोर भिंत उभी करतात. 2025 मध्ये तीही गेली. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेले नवे नियम त्या हंगामात लागू झाले: प्रत्येक संघाने तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात ठेवलेच पाहिजेत, गोलकीपरची किक-आउट, म्हणजे चेंडू पुन्हा खेळात आणणारी किक, मैदानावर आखलेल्या 40 मीटरच्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे, आणि कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण. म्हणजे जागा मोकळी झाली, मधल्या पट्ट्यात उंच चेंडू झेलणाऱ्यांना पुन्हा मोल आले आणि लांबून मारणाऱ्याला बक्षीस ठेवले गेले. मेयोला हे नियम मानवतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात आमचे खेळाडू कमानीपर्यंत येऊन, वर पाहून, चेंडू बाजूला देताना मी स्टॅंडमधून पाहत राहिलो.

कॅव्हनच्या सामन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मे महिन्यातली ती दुपार. आदल्या वर्षी याच मैदानावर याच संघाला आम्ही सहज हरवले होते, लीग या वेगळ्या स्पर्धेत मेयो पहिल्या श्रेणीत आणि कॅव्हन दुसऱ्या, त्यामुळे माझ्या पुढच्या रांगेतले कुटुंब सामना सुरू होण्याआधीच गटातून पहिले येऊ की दुसरे याची बोलणी करत होते. उत्तरार्धात स्टॅंड शांत झाला. अंतिम सामन्यातल्या पराभवाच्या वेळी मेयोचे लोक गप्प नसतात, ते किंचाळतात, पंचांना शिव्या घालतात, कोणी रडते. इथे तसे काही नव्हते; रेशनच्या रांगेत आपला नंबर येण्याआधी धान्य संपल्याचे कळावे, तशी ती शांतता होती. बाहेर पडताना शेजारचे आजोबा फाटकाशी भेटले आणि म्हणाले, आज शापाचे नाव कोणी काढू नये. त्याच कॅव्हनला पुढच्या सामन्यात डोनेगलने धुऊन काढले, तेव्हा त्या दुपारचा अर्थ आणखी स्पष्ट झाला.

बाकी कारणे मी ऐकतो, आणि त्यांत तथ्यही आहे. ली कीगन 2023 च्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि ऑशीन मुल्लिन ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला जीलाँगला गेला. असे दोन बचावपटू एका हिवाळ्यात गेले तर कोणत्याही काउंटीला ते जड जाईल. तरुण मुले नोकरीसाठी डब्लिनला किंवा परदेशी जातात हेही खरे, पण ते डोनेगललाही लागू आहे आणि डोनेगल 2025 चा अंतिम सामना खेळले. प्रशिक्षकाला दोष देणे सर्वांत सोपे. केव्हिन मॅकस्टे यांनी 2023 मध्ये संघाला लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. 2025 मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांना मध्येच बाजूला व्हावे लागले, स्टीफन रॉचफर्ड यांनी तेवढ्यापुरती सूत्रे घेतली, आणि संघ बाहेर पडल्यावर मॅकस्टे यांची कारकीर्द संपवण्यात आली. ती ज्या तऱ्हेने संपली ती मला आवडली नाही, पण तो वेगळा विषय आहे. पुढे गोल कोण करणार, हा प्रश्न ते येण्यापूर्वीही होता आणि गेल्यावरही आहे.

राहता राहिला रॉसकॉमन गावात झालेला सामना. 15 जून 2025 ला तिथल्या हाइड पार्क मैदानावर डोनेगलविरुद्ध बरोबरी झाली असती तरी मेयो पुढे गेला असता. शेवटच्या क्षणांत बरोबरी झालीही होती, आणि तेवढ्यात डोनेगलने पुढे जाऊन विजयी पॉइंट मारला. पुन्हा एक गुण. परतीच्या रस्त्यावर गाडीतले तिघेही जण या सामन्याची गणना 2013, 2016 आणि 2017 यांच्या ओळीत करू लागले: नशीब, तो एक क्षण, तो एक चेंडू. मी गाडी चालवत होतो, म्हणून वाद घातला नाही. पण माझ्या वहीत हा पराभव त्या ओळीत बसत नाही. त्या तीन वर्षी मेयो देशातल्या सर्वोत्तम संघापासून एका गुणावर होता. या वेळी गटातल्या तिसऱ्या जागेपासून एका गुणावर होता, आणि ती जागा महिन्याभरापूर्वी आपल्याच घरी त्याने कॅव्हनला देऊन टाकली होती.

तेव्हा काय बिघडले याचे माझे उत्तर असे, की नशीब बिघडलेले नाही. संयमाने खेळणाऱ्या संघाविरुद्ध आपल्या मैदानावर गुण कसे मिळवायचे, ही गोष्ट मेयो 2022 पासून विसरत चालला आहे, आणि आम्ही पाठीराखे जुन्या अंतिम सामन्यांचे दुःख उगाळत बसल्यामुळे ते वेळेवर बोललो नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अँडी मोरान यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. 2017 चे सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेले हे गृहस्थ आघाडीचेच खेळाडू होते, गर्दीत जागा शोधणे हा त्यांचा हातखंडा होता. निवड पटण्यासारखी आहे. मामेभावाने परवा विचारले की डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरच्या अंतिम सामन्याचे तिकीट मिळेल का, तो म्हणे तेव्हा इकडे येणार आहे. मी त्याला मॅकहेल पार्कवर चॅम्पियनशिपचा पहिला सामना असेल तेव्हा ये म्हणून कळवले आहे.