पी०१३५ गेला, कपलरचं कोडं सुटलं

मागच्या नोंदीतला पी०१३५ (गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरमधल्या बिघाडाचा कोड) अखेर गेला. जुन्या सेन्सरचा हीटर मीटरवर ओपन (आतून तुटलेला) निघाला होता, त्यामुळे बदलणं भागच होतं. नव्याचा आटा तोच (एम १८ × १.५), पानाही २२ चाच, वायरीही चारच. फक्त कपलर (वायरींचा प्लग) बसेना.

इथे रंगाला रंग जोडायचा मोह कटाक्षाने टाळा. जुना डेन्सोचा: दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी सिग्नलच्या अर्थची. नवा बॉशचा: दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थची. काळीला काळी लावली, तर हीटरचे १२ व्होल्ट थेट झिर्कोनियावर (सेन्सरमधल्या सिग्नल देणाऱ्या सिरॅमिकवर) जातात, आणि तो स्वतः जेमतेम १ व्होल्ट तयार करतो! म्हणून आधी मीटर. थंड सेन्सरवर एकाच रंगाच्या दोन वायरींत काही ओम मिळाले, की तो हीटर. इथे ९ आले. त्या दोन्ही अदलाबदल झाल्या तरी चालतं. सिग्नलच्या जोडीला मात्र ओमवर मीटर लावू नका. गाडीकडच्या कपलरात हीटरची वायर ओळखायला १२ व्होल्ट शोधा. काही गाड्यांत ते इंजिन चालू असतानाच येतात.

वायरी जोडताना डाग (सोल्डर) अजिबात देऊ नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते. सोल्डर आणि फ्लक्सने ती वाट बुजली, की सिग्नल खाली घसरतो. क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा), वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). कपलरात ग्रीसही नको. क्रिंपिंगचा पाना रॅचेटवालाच घ्या. साध्या पकडीने दाबलेला जोड घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होतो.

बेत होता नव्याच्या वायरी कापून जुना कपलर लावायचा. पण कापलेला सेन्सर दुकानदार परत घेत नाही. त्यापेक्षा मधला तुकडा बरा: एका टोकाला जुन्याचा कपलर, दुसऱ्याला नव्याचा जोडीदार, भंगारातल्या गाडीतून वायरीसकट कापलेला. पुढच्या वेळी नुसतं खटकन लावायचं! हा तुकडा सायलेन्सरच्या पाइपपासून दूर क्लिपने बांधला आहे.

आता २५०० आरपीएमला स्कॅनरवर ०.१ ते ०.९ व्होल्ट सुंदर झुलतायत. भेरूघाटाच्या चढावर पूर्ण थ्रॉटलला सिग्नल ०.८ च्या वर टिकतो का आणि उतारावर इंधन तुटलं की ०.१ खाली येतो का, ते बघायचं आहे. कॅटमागच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमागच्या) सेन्सरचा कपलरही तसाच दिसतोय, त्यामुळे दुसरा तुकडा आत्ताच करून ठेवावा म्हणतो. त्याची वायर लांब लागेल.