बराफूच्या वर, पहाटे तीन वाजता

किलिमांजारोच्या माथ्यावर जायला दोर लागत नाही. बरांकोच्या भिंतीवर थोडा वेळ हात टेकावे लागतात, बाकी सगळी पायवाट आहे. त्यामुळे लिंगाणा किंवा अलंग-मदन-कुलंग करून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना हा ‘नुसता चालायचा डोंगर’ वाटतो. चालायचा आहे हे खरेच. पण टांझानियातील हा ज्वालामुखी ५,८९५ मीटर उंच आहे, माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा भरतो आणि एवढी उंची लोक आठवड्याभरात गाठून परत येतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या गटांबरोबर डॉक्टर म्हणून मी जातो, तेव्हा माझ्या कामात फोडांना मलमपट्टी करण्यापेक्षा माणसे कशी चालतात, कशी बोलतात आणि किती जेवतात हे बघण्याचाच भाग मोठा असतो. त्या कामातली एक रात्र येथे सांगतो आहे. ज्यांच्याविषयी ती आहे त्या गृहस्थांची संमती घेतली आहे. नाव लिहिण्याचे कारण नाही.

गट बारा जणांचा होता आणि मार्ग मचामेचा, सात दिवसांचा. हाच मार्ग सहा दिवसांतही करतात. त्यात करांगाचा मुक्काम गाळतात आणि बरांकोहून थेट बराफू गाठतात. एक दिवस वाचतो, राष्ट्रीय उद्यानाचे एका दिवसाचे शुल्क वाचते, आणि नेमका शरीराला उंचीची सवय होण्याचा दिवस जातो. माझे मत विचाराल तर सहा दिवसांची सहल विकणेच बंद व्हायला हवे. आम्ही करांगाला राहिलो होतो, त्याआधी तिसऱ्या दिवशी सुमारे ४,६०० मीटरवरच्या लावा टॉवरपर्यंत चढून ३,९०० मीटरच्या बरांको तळावर झोपायला उतरलो होतो, आणि पाचव्या दिवशी दुपारी ४,६७० मीटरवरच्या बराफू तळावर पोहोचलो तेव्हा गटाची तब्येत एकूण ठीक होती. कोणाचे डोके दुखत होते, कोणाला झोप नव्हती. यापेक्षा वेगळे काही त्या उंचीवर अपेक्षितही नसते.

हे गृहस्थ गटातले सर्वांत तयारीचे. वय पंचेचाळीसच्या पुढे, साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये नेमाने धावणारे, सडपातळ. पत्नीही बरोबर होत्या. आमच्या सकाळ-संध्याकाळच्या तपासणीच्या कागदावर डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर यांना शून्य ते तीन गुण द्यायचे असतात, आणि त्यांच्या रकान्यात पहिल्या दिवसापासून चारही शून्ये होती. अशा कागदाची अडचण उघड आहे: तो माणूस सांगेल तेवढेच सांगतो. ज्याने वर्षभर आधी रजा टाकली, विमानाची तिकिटे काढली, सोसायटीतल्या लोकांकडून निरोपसमारंभ घेतला, त्याला पाचव्या संध्याकाळी ‘डोके दुखते’ हे दोन शब्द जड जातात.

आमचे मुख्य गाइड पायथ्याच्या मोशी शहराजवळच्या, चग्गा लोकांच्या वस्तीतले, पोर्टर म्हणून सुरुवात करून वर आलेले. रात्री अकराला सगळ्यांना उठवण्याआधी ते माझ्या तंबूशी आले आणि म्हणाले, “डाक्तारी, त्या उंच साहेबांची ताटली दुपारी भरलेली परत आली. आताही सूप तसेच परत आले.” मी म्हणालो, इथे निम्म्या लोकांना भूक नसते. त्यावर ते म्हणाले, “निम्म्यांना पहिल्यापासून नाही. हे करांगापर्यंत दोनदा वाढून घेत होते.” ही बातमी स्वयंपाकाच्या तंबूतून आलेली होती. त्या तंबूत कोण किती जेवले, कोणाच्या पाण्याच्या बाटल्या भरायला आल्याच नाहीत, याचा हिशेब तोंडी असतो आणि तो मुख्य गाइडपर्यंत न चुकता पोहोचतो.

मी त्यांना लगेच तपासले. बोटाला लावलेल्या यंत्रावर (ऑक्सिमीटरवर) रक्तातला ऑक्सिजन ८२ टक्के होता, आणि बराफूवर तेवढा अनेकांचा असतो. फुप्फुसे स्वच्छ. दोन तंबूंच्या मधल्या सपाट जागेत टाचेला पाऊल जुळवत ते सरळ रेषेत दहा पावले चालले, वळले, परत आले. “डॉक्टर, थोडी ॲसिडिटी आहे, बाकी काही नाही,” एवढेच त्यांनी सांगितले. थांबवण्यासारखे लक्षण हाती नव्हते. मुख्य गाइडने मात्र रांग बदलली. नेहमी पुढे चालणाऱ्या या माणसाला शेवटी घेतले, त्यांच्या पुढे सर्वांत अनुभवी साहाय्यक गाइड आणि त्यांच्या मागे मी. ते नाराज झाले, पण रांगेत उभे राहिले.

मध्यरात्रीच्या सुमारास निघालो. बराफूच्या वरचा चढ आधी खडकांतून जातो आणि मग सुट्या मुरमाचा घसारा लागतो, तिथे दोन पावले टाकावीत तर एक खाली येते. वारा होता. पाठीवरच्या पिशवीतून तोंडाशी येणारी पाण्याची नळी पहिल्या तासाभरात गोठली. समोरच्याच्या टाचांवर आपल्या दिव्याचा उजेड टाकून चालायचे असते, त्यामुळे त्या रात्री तीन तास मी एकाच माणसाचे बूट पाहत होतो असे म्हणायला हरकत नाही.

त्या बुटांमध्येच फरक दिसू लागला. आधी पावले एका ओळीत पडत होती. मग दोन्ही पायांतले अंतर वाढले, नाव हलत असताना उभा राहणारा माणूस पाय फाकवतो तसे. एकदा ते थांबले आणि दगडाआड ओकले. त्यानंतर हातमोजा काढून पुन्हा घालताना डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालायला लागले, अंगठा बसेना, तरी तोच मोजा त्याच हातात चार वेळा रेटत राहिले. साहाय्यक गाइडने मागे वळून माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही तोवर काही बोललो नव्हतो.

तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते आणि उंचीमापक ५,३०० मीटर दाखवत होता. ऑक्सिमीटरचा उपयोग नव्हता, कारण गारठलेल्या बोटात रक्त पुरेसे खेळत नसले की ते यंत्र वाटेल तो आकडा दाखवते. मी त्यांची चालायची काठी खडकाजवळच्या थोड्या सपाट जागेवर आडवी ठेवली आणि तिच्या कडेने टाचेला पाऊल लावत चालायला सांगितले. मुलांची नावे त्यांनी अचूक सांगितली, वार सांगितला, फक्त प्रत्येक उत्तराआधी थोडा वेळ गेला. तिसऱ्या पावलाला ते बाजूला कलंडले आणि गाइडने त्यांना धरले. दारू न घेतलेला माणूस या उंचीवर सरळ रेषेत चालू शकत नसेल तर मेंदूला सूज येऊ लागली आहे असेच धरायचे, खात्रीची वाट पाहायची नाही. कारण पुढच्या काही तासांत तो झोपाळतो, मग बेशुद्ध होतो, आणि ८० किलोचा बेशुद्ध माणूस त्या घसाऱ्यावरून उतरवणे हे वेगळेच प्रकरण होऊन बसते.

सूज दाबणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाची दोन मिलिलिटरची कुपी मी आतल्या सदऱ्याच्या खिशात, अंगाशी ठेवतो. पिशवीत ठेवली तर ती ऐन वेळी गोठलेली निघू शकते. तिच्यात आठ मिलिग्रॅम औषध असते आणि पहिला डोस तेवढाच लागतो. उलटी होत असताना गोळी देण्यात अर्थ नव्हता. बाहेरची विजार खाली ओढून मांडीत इंजेक्शन दिले; सुई टोचली तरी त्यांनी ‘आई गं’ म्हटले नाही, ते मला आवडले नाही. गाइडच्या पाठीवरचा छोटा ऑक्सिजन सिलिंडर लावला. दाबाची पिशवीही आमच्याकडे होती, जिच्यात रुग्णाला झोपवून पायपंपाने हवा भरली की तो काही वेळ दोनेक हजार मीटर खाली असल्यासारखा होतो. ती बराफूलाच होती आणि वर असती तरी मी वापरली नसती. पाय चालत आहेत तोवर खाली उतरवणे हाच उपचार, बाकी सारे वेळ काढण्याचे साधन. हेलिकॉप्टर अंधारात येत नाही.

मुख्य गाइड पुढे होते. वॉकीटॉकीवर बोलणे झाले आणि मग माणसांचे गणित आले. बारा जणांमागे सहा गाइड, म्हणजे दोघांमागे एक. रुग्णाला धरून उतरवायला दोन गाइड आणि मी, असे गेलो तर वरच्या अकरा जणांना चार गाइड उरतात आणि डॉक्टर उरत नाही. मुख्य गाइडने क्षणभरही घोळ घातला नाही: “तुम्ही खाली जा. वर कोणाला काही झाले तर मी त्यालाही खाली आणेन, औषधाची वाट पाहणार नाही.” माझ्या पेशाच्या दृष्टीने हे वाक्य थोडे अपमानकारक आणि पूर्णपणे बरोबर होते.

राहिल्या त्यांच्या पत्नी. हे गृहस्थ मला सांगत होते, “तिला कळवू नका.” मुख्य गाइडने ते मानले नाही, त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन जे घडले ते सांगितले आणि वॉकीटॉकी त्यांच्या हातात दिला. त्यांनी मला विचारले, “डॉक्टर, तुमचं बोलणं त्यांना कळतंय का?” मी म्हणालो, “कळतंय, पण उशिरा.” “चालतायत?” “धरून चालतायत.” थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, “मग मी खाली येऊन काय करणार? माझ्याबरोबर आणखी एक माणूस खाली यावा लागेल ना? तुम्ही जा. मी वर जाते.”

या उत्तरावर नंतर गटात कुजबुज झाली. नवरा असा असताना बाई वर गेलीच कशी, असे दोघा-तिघांनी बोलून दाखवले. मला वाटते, त्या रात्री इतके स्वच्छ डोके फारच थोड्यांचे होते. त्या उतरल्या असत्या तर आणखी एक गाइड कमी झाला असता आणि दहा जणांमागे तिघे उरले असते. शिवाय नवऱ्याशेजारी बसून त्यांनी त्याची सूज उतरवली नसती.

दोन्ही बाजूंनी दोन गाइड, त्यांच्या खांद्यांवर रुग्णाचे हात, मागून मी जाकिटाचा पट्टा धरलेला, असे आम्ही घसाऱ्यावरून उतरलो. उजाडायच्या आत बराफू गाठले. किलिमांजारोच्याच मावेन्झी या पूर्वेकडच्या शिखरामागून सूर्य वर आला तेव्हा ते तंबूत ऑक्सिजन लावून बसले होते, आणि सातच्या सुमारास जे झाले ते मी नवीन डॉक्टरांना आवर्जून सांगतो. औषध लागू पडले. डोके उतरले, चहा मागितला, विनोद केला आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाले, “डॉक्टर, आता मी एकदम फ्रेश आहे. आत्ता निघालो तर दुपारपर्यंत वर पोहोचतो. माझा वेग तुम्हाला माहीत आहे.”

मी त्यांना पुन्हा काठीच्या कडेने चालवले. पाचव्या पावलाला तोल गेला. त्यांना वाटत होते की दगड हलला. डेक्सामेथासोन सूज तात्पुरती दाबते, उंचीची सवय लावत नाही. त्याच्या जोरावर वर गेलेला माणूस औषध ओसरले की जास्त उंचीवर, जास्त वाईट अवस्थेत सापडतो. हे मी त्यांना समजावून सांगितले, त्यांनी मान डोलावली, आणि दोन मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मी चर्चा बंद करून त्यांचे सामान बांधायला सांगितले.

खालचा प्रवास पोर्टरांचा. जवळजवळ ३,८०० मीटरवरच्या पुढच्या तळापर्यंत ते धरून चालले आणि तिथून स्ट्रेचर मिळाले. किलिमांजारोवरच्या या स्ट्रेचरला मधोमध एकच चाक असते. पुढे-मागे आणि बाजूंना माणसे धरतात आणि दगडी पायऱ्यांवरून जवळजवळ पळतच उतरतात. पोर्टरने उचलायच्या वजनाला तिथे २० किलोची मर्यादा आहे, फाटकावर ओझी काट्यावर टाकून पाहतात. या ओझ्याला मात्र काटा नव्हता. सहा जण आळीपाळीने धरत होते, त्यांतल्या कोणीच आदल्या रात्री पुरेसे झोपलेले नव्हते. दुपारी ३,१०० मीटरवरच्या म्वेका तळावर पोहोचलो. संध्याकाळी त्यांनी भात आणि भाजी संपवली, ताटली मी स्वतः पाहिली, आणि नंतरची दहा पावले सरळ पडली.

बाकीचा गट त्याच संध्याकाळी खाली आला. अकरापैकी नऊ जण उहुरू शिखरावर, म्हणजे अगदी माथ्यावर पोहोचले होते, वहिनी त्यांत होत्या; दोघे त्याच्या अलीकडच्या, ज्वालामुखीच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटवरून परतले होते. वहिनींनी नवऱ्याला पाहिल्यावर आधी “जेवलात का?” एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी म्वेकाच्या फाटकापर्यंत ते स्वतःच्या पायांनी उतरले. ते फाटक साधारण १,६४० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर ‘खाली उतरलो’ म्हणायचे.

मोशीच्या रुग्णालयात तपासणी झाली, काही शिल्लक राहिलेले नव्हते. त्यांच्या घरच्या डॉक्टरांसाठी मी पत्र लिहायला बसलो तेव्हा ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “‘अतिश्रमामुळे थकवा’ असं लिहिलंत तर चालेल का? पुढच्या वर्षी लडाखचं ठरलंय, उगाच अडवतील.” मी जसे घडले तसे लिहिले: उंची, वेळ, काठीच्या कडेने पडलेली पावले, औषध आणि त्याचा डोस. लडाखला जायला मनाई लिहिली नाही. लेहला विमानाने उतरल्यावर निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती, उंचीची सवय व्हायला मदत करणारी ॲसिटाझोलमाइडची गोळी निघण्याच्या आदल्या दिवसापासून, तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तपासणीच्या कागदावरचे गुण वहिनींनी भरायचे, असे लिहिले. शेवटच्या अटीला ते हसले. वहिनींनी पत्राचा फोटो काढून घेतला.