नववी-दहावीच्या पोरांनी खेळायचं कधी?

वेळापत्रकात पीटीचा तास छापलेला असतो. जूनमध्ये तो होतो, जुलैत पावसामुळे अर्धामुर्धा होतो, ऑगस्टपासून गणितवाले, सायन्सवाले विचारायला लागतात, "आजचा तास देता का हो, पोर्शन राहिलाय", आणि दिवाळीनंतर दहावीला असा काही तास आहे हे पोरंपण विसरून जातात. मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीटी शिकवते, त्याआधी दुसऱ्या शाळांवर होते, आणि सगळीकडे हे असंच बघितलंय. म्हणून कुणा एका शाळेवर राग नाही. राग या सवयीवर आहे, आणि तो बरीच वर्षं साठलाय, म्हणून आज लिहायला बसले.

पहिली गोष्ट म्हणजे 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा आपल्या राज्य बोर्डात नववी-दहावीला सक्तीचा विषय आहे. मार्क नाहीत, श्रेणी आहे, बस्स एवढ्यानेच तो सगळ्यांच्या नजरेतून उतरतो. टक्केवारीत धरत नाहीत ना, मग कशाला वेळ घालवा असं पालकच सांगतात. पण शरीराला टक्केवारी कळत नाही हो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय ते असं की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडं मजबूत होतील असं काहीतरी, म्हणजे उड्या, दंड, चढणं वगैरे. आणि त्याच संघटनेच्या लोकांनी २०१९ मध्ये जगभराचा अभ्यास छापला त्यात ११ ते १७ वयाच्या शंभरातल्या ८१ मुलांना एवढीही हालचाल मिळत नाही असं निघालं, मुलींमध्ये तर ८५.

आता आपल्याकडच्या दहावीच्या पोराचा दिवस बघा. सकाळी सातला क्लास, मग शाळा, पाचला सुटली की एस्टी, घरी चहा-बिस्किट की परत अभ्यास, मध्ये मोबाइल. पूर्वी वाडीतून शाळेपर्यंत घाटी चढून चालत यायची पोरं, त्यात तासभराचा व्यायाम आपोआप व्हायचा, आता दारात रिक्षा येते किंवा बाबा स्कूटीवरून सोडतात. ते सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही, पण तो तास गेला तो कुणीच भरून काढला नाही.

मुलींचं मला वेगळं सांगायचंय कारण तिथे खरं दुखतं. पाचवी-सहावीत माझ्या लंगडीच्या टीमला मुली एकमेकींना ढकलून पुढे येतात आणि आठवीपासून एकेक गळायला लागते. का गळते हे विचारलं तर कुणी सरळ सांगत नाही, हळूहळू कळतं. एकीला पाळी आली की चार दिवस बाकावर बसायचं असं घरून सांगितलेलं असतं, एकीला ओढणी सांभाळत धावायची लाज वाटते, एकीला मुलं बघतात म्हणून नको वाटतं, आणि एकीची आजी म्हणते "चेडवाक खेळान काय करूचा आसा?", म्हणजे मुलीला खेळून काय करायचंय. पाळीत खेळू नये असं काही नाही, फार दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी, डॉक्टरांना दाखवावं, पण बाकी मुलींना हलका व्यायाम चालतो, उलट बऱ्याच जणींना पोटदुखी कमी वाटते. लागतं काय तर शाळेत पाणी असलेलं नीट दार लागणारं टॉयलेट, एक पॅडचं कपाट, आणि ट्रॅकपॅन्ट-टीशर्ट. आणि आईने मुलीला चांगल्या मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्यावी, हे मी पालकसभेत आयांना बाजूला घेऊन सांगते, कारण ही साधी वस्तू नसल्यामुळे कित्येक चांगल्या धावणाऱ्या मुली मैदान सोडतात आणि याबद्दल कुणी बोलतच नाही.

आणि एस्टी! गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस्टीचा पास फुकट आहे, फार चांगली योजना, पण गाडी एकच. शाळा सुटल्यावर प्रॅक्टिस ठेवली की अर्ध्या मुली "बाई, पाचची एस्टी चुकतली" म्हणून दप्तर उचलतात आणि त्यांचं बरोबरच आहे, पुढची गाडी अंधार पडल्यावर. म्हणूनच मी म्हणते शाळेच्या वेळेतला तास वाचवा, कारण शाळेनंतरची प्रॅक्टिस म्हणजे फक्त जवळ राहणाऱ्यांची प्रॅक्टिस, बहुतेक वेळा मुलांचीच. तो एक तास गणिताला दिला की गावाकडच्या मुलीचा दिवसातला एकमेव खेळ गेला.

खेळायचं काय, तर कोकणात खरं म्हणजे कबड्डी आणि खो-खो मातीतच आहे. वर्गणी काढून मॅट आणायची गरज नाही, मैदान आखायला फक्की आणि दोरी पुरते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या मुली आणि मुलगे दोघंही जिंकले, आणि दोन्ही कॅप्टन, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्रातले. मी वर्गात ते व्हिडिओ दाखवले तेव्हा पुढचे चार दिवस पोरी मधल्या सुट्टीत आपणहून रांगेत बसत होत्या. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटात असतात, तालुका, जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा वर जातात, आणि वरच्या पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात, त्याचे नियम दरवर्षी शाळेत नीट विचारून घ्या.

पण सगळ्यांना टीमचा खेळ आवडतो असं नाही आणि इथे आम्ही पीटीवाले कमी पडतो असं मला वाटतं. बारा जणांची टीम निवडली की उरलेली चाळीस पोरं कडेला बसून टाळ्या वाजवतात, तो काय त्यांचा व्यायाम नाही झाला. जाड मुलगा, दमा असलेली मुलगी, चष्मा फुटेल म्हणून घाबरणारा, ज्याला कुणी टीममध्ये घेत नाही तो, यांच्यासाठी पीटीचा तास खरा महत्त्वाचा, कारण टीममधली पोरं तशीही कुठे ना कुठे खेळतातच. म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या खेलो इंडियाच्या फिटनेस चाचण्या घेते. वजन-उंची, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, अर्धे सिटअप, आणि पुशअप्स, मुलींना गुडघे टेकून. आकडे फळ्यावर लिहीत नाही, ज्याचे त्याच्या वहीत. तीन महिन्यांनी परत घ्यायच्या आणि स्वतःशीच तुलना करायची. ६०० मीटर चालत पूर्ण करणारी मुलगी पुढच्या वेळी अर्धं धावते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि जिल्ह्याच्या ट्रॉफीइतकाच मला त्याचा आनंद होतो.

पावसाचे चार महिने हा आपला मोठा प्रश्न. मैदानावर पाणी, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि नेमक्या शालेय स्पर्धाही पाऊस पुरता जायच्या आत सुरू होतात. मग व्हरांडा वापरायचा. दोरीउड्या हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, काथ्याची दोरी घरात असतेच, एक मिनिट उड्या आणि अर्धा मिनिट थांबायचं असं दहा वेळा केलं की दहावीची धिप्पाड पोरंही घामाने निथळतात. सूर्यनमस्कार बारा स्थितींचा, पण तो कवायतीसारखा भराभर उरकायचा नाही, श्वासाबरोबर सावकाश करायचा आणि मग वेग वाढवायचा. दंड, बैठका, बेंच धरून डिप्स, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं. एवढ्या जागेत एवढं भरपूर होतं.

गणपती-नवरात्र होऊन ऊन पडलं की समुद्र आपला. किनाऱ्यावरच्या गावातली पोलीस भरतीची पोरं पहाटे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, धावताना दिसतात, त्यांना बघून आमची नववी-दहावीची पोरंही जातात, छानच आहे, फक्त काही गोष्टी सांभाळा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पहिल्याच दिवशी लांब धावलं की पोटऱ्या आणि टाचेच्या वरची शीर धरते. ओहोटीला ओली घट्ट वाळू उघडी पडते तिच्यावर धावा. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, घरात कुणी मासेमारी करणारं असेल तर तिथीवरून लगेच सांगतील. पुळण समुद्राकडे उतरती असते त्यामुळे एकाच दिशेने धावत राहिलं तर एका पायावर जास्त भार येतो, म्हणून जेवढं जाल तेवढंच परत या. आणि अनवाणी धावणार असाल तर आधी एक फेरी चालून बघा, फुटक्या बाटल्या फार वाढल्यात हल्ली.

पोहण्याबद्दल एवढंच की किनाऱ्यावर राहून पोहता न येणारी पोरं आता खूप आहेत आणि हे मला पटत नाही. आधी विहिरीत कमरेला भोपळा नाहीतर कॅन बांधून काका-मामा शिकवायचे, आता विहिरीत कुणी उतरत नाही. मोठ्या जाणत्या माणसासोबत, शांत पाण्यात शिकवा. मालवणला चिवला बीचवर समुद्री पोहण्याच्या स्पर्धा होतात, तिथे लांबलांबून पोरं येऊन पोहतात, आपली का नाही? पावसाळ्यात मात्र समुद्रात पाय घालायचा नाही, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांचीही मासेमारी बंद असते त्यात काय ते समजा. आणि कधीही ओढ लागून आत खेचलं जायला लागलं तर सरळ किनाऱ्याकडे झगडत पोहू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की मग किनाऱ्याकडे या.

जिमचं सगळ्यात जास्त विचारतात. नववीतली मुलं, मिशी फुटायला लागली की डंबेल. वजन उचललं की उंची खुंटते ही भीती खरी नाही, नीट शिकवणारा माणूस समोर असेल आणि वजन हलकं असेल तर या वयात चालतं. चालत नाही ते म्हणजे रील बघून आपल्या मनाने जड वजन उचलणं, आणि डब्यातली पावडर. त्या पावडरीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अंडी, मासे, कुळथाची पिठी, चणे, शेंगदाणे, दूध हे पुरेसं आहे हो या वयाला. आधी वीस दंड नीट, कंबर न पडता येऊ देत, मग जिमचं बघू असं मी पोरांना सांगते.

एक दुखणं ओळखून ठेवा. उंची झपाट्याने वाढते त्या काळात उड्या-धावण्याच्या खेळातल्या पोरांना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं, तिथे टेंगूळही येतं. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. पोरगं नाटक करत नसतं, त्याला "धाव रे, काय होत नाय" म्हणू नका. उड्या कमी करायच्या, बर्फ लावायचा, डॉक्टरांना दाखवायचं, बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं.

आणि मुलींचं रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना अॅनिमिया निघाला. मैदानावर लवकर दम लागणारी मुलगी आळशी आहे असं ठरवण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती दप्तरात ठेवून घरी आणतात आणि टाकून देतात, ती जेवणानंतर घ्यायला लावा, वर चहा नको, लिंबूपाणी चालेल.

ज्यांना यातच पुढे जायचंय त्यांच्यासाठी. सीबीएसईला अकरावी-बारावीत शारीरिक शिक्षण हा निवडता येणारा विषय आहे, ७० मार्क लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. आपल्या बोर्डाच्या पोरांनी बारावीनंतर पदवी घ्यावी आणि मग दोन वर्षांचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करावं, त्याला राज्याची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा असते. कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे कोर्स आहेत, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई संस्था आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. माझ्याकडे बारावी झालेल्या मुली भरतीच्या आधी दोन महिने येतात, "बाई, ८०० मीटर बसवून द्या" म्हणून, आणि मी घेते त्यांची प्रॅक्टिस, पण दोन महिन्यांत दम आणि पाय एवढे तयार होत नाहीत. त्या मुली आठवीत मैदानात होत्या. नववी आणि दहावीची दोन वर्षं तेवढी मध्ये गेली, म्हणून यंदाच्या पालकसभेत मार्कांबरोबर एवढं तरी विचारा, की आमच्या मुलीचा पीटीचा तास या महिन्यात किती वेळा झाला.