केळं पिशवीतच राहू दे

"इबू, पेलान-पेलान." परवाच्या दिवसभरात हे शब्द मी किती वेळा ऐकले याची गणतीच नाही. इंडोनेशियन भाषेत इबू म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला हाकही त्याच शब्दाने मारतात. पेलान-पेलान म्हणजे हळूहळू. आमचा वाटाड्या तिशीच्या आतला. पुढे चार पावलं जायचा, थांबायचा, हात पुढे करायचा. चिखलाच्या उभ्या चढावर झाडांच्या मुळांच्याच पायऱ्या झालेल्या, आणि माझा डावा गुडघा गेली तीन वर्षं कुरकुरतोय. पण चढले.

लेक सिंगापूरला असते. तिच्याकडे आले होते, तर ती म्हणाली, "आई, तू आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलंस, चल तुला खरा वनमानुष दाखवते." विमानाने मेदान, तिथून चारेक तास गाडीने बुकित लावांग. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तरेचं हे छोटं गाव बोहोरोक नदीच्या काठाला चिकटून आहे आणि मागे गुनुंग ल्यूसर राष्ट्रीय उद्यानाचं जंगल उभं. वाटेत तासन्‌तास पामतेलाचे मळे. एकसारखी झाडं, एकसारख्या ओळी. ते बघून जीव उदास झाला, कारण हे सगळं कधीकाळी जंगलच होतं.

सकाळी निघालो तेव्हा आधी रबराच्या बागा लागल्या. सालीवर तिरपा काप, खाली वाटी, वाटीत दुधासारखा चीक. मग एकदम सावली दाट झाली. आपल्या उंबराचेच भाऊबंद तिथे दुसऱ्या झाडाला कवळा घालून वाढलेत, आतलं मूळ झाड कधीच कुजून गेलंय आणि उरलीय नुसती जाळी. मी त्या जाळीत हात घालून बघितला. वर्गात फळ्यावर कितीदा काढलं असेल हे चित्र, हात घातल्यावर आतला गारवा पहिल्यांदा कळला.

ओरांगउटान, म्हणजे लेकीने सांगितलेला तो वनमानुष, दिसायच्या आधी फांद्या वाकलेल्या दिसल्या. मग तांबूस केस. आई होती, पोटाशी पिल्लू. तिला पलीकडच्या झाडावर जायचं होतं. तिने बारीकसं झाड आपल्या वजनाने झुलवत झुलवत वाकवलं, एका हाताने पलीकडची फांदी धरली आणि तशीच थांबली. पिल्लू तिच्या अंगावरून, पाठीवरून, दंडावरून चालत पलीकडे गेलं. ते पोचेपर्यंत ती हलली नाही. तिची बोटं मी नीट पाहिली. लांब, काळसर, पेरांवर सुरकुत्या, नखं थेट आपल्यासारखी. पिल्लू सात-आठ वर्षं आईजवळ राहतं आणि तोवर ती सहसा दुसरं होऊ देत नाही. म्हणूनच एक मादी मेली तर नुकसान फार मोठं. ओरांगउटानांची ही सुमात्री जात जगात फक्त सुमात्रात उरलीय, जेमतेम 14,000 च्या आसपास.

तेवढ्यात मागून आलेल्या एका गटाच्या वाटाड्याने केळं काढून उंच धरलं. फोटोसाठी. ती आई सरसर खाली आली, पिल्लासकट, माणसांपासून दोन हातांवर. सगळे खूश झाले. आमचा वाटाड्या मात्र गप्प झाला आणि आम्हाला मागे मागे नेत राहिला. दहा मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे. पुढे एका ओढ्याशी बसल्यावर त्याने सांगितलं: इथल्या बऱ्याच ओरांगउटानांची घराणी माणसांनी पाळलेल्या, मग सोडवून आणलेल्या जनावरांपासूनची आहेत. 1973 साली दोन स्विस प्राणिशास्त्रज्ञ बायकांनी इथे त्यांना जंगलात परत सोडण्याचं केंद्र काढलं होतं. त्यामुळे त्यांना माणसाची भीती कमी. आणि माणसाची साधी सर्दी त्यांना लागते, जीवही घेऊ शकते. त्याच्या भाषेत माणसाला मनुसिया म्हणतात. तो शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मी वाईची. पसरणी घाटात सहलीची एसटी थांबली की आम्हीच पोरांच्या हातात शेंगदाणे द्यायचो, माकडांना टाका म्हणून. मी स्वतः दिलेत. आज त्याच घाटात माकडं गाड्यांच्या चाकांखाली येतात, लोकांच्या हातातल्या पिशव्या ओढतात आणि त्यांच्या दगडांचा मार खातात. त्यांना ही सवय आम्हीच लावली. हे मला त्या ओढ्याकाठी बसून फार लागलं, आणि म्हणूनच हे लिहितेय. कुणी तिकडे जाणार असाल तर वाटाड्याला निघायच्या आधीच ठणकावून सांगा: आम्हाला जवळून फोटो नकोत, काही खायला घालू नका. पर्यटक मागतात म्हणून ते करतात.

दुपारनंतर उतरून नदीवर आलो. ट्रकच्या चार फुगवलेल्या ट्यूब एकामागे एक बांधलेल्या, तळाला दोरीची जाळी, सामान जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. पुढे एक जण, मागे एक जण, हातात बांबू. खडक आला की बांबू टेकवून सांगड वळवायची. सांगडच म्हणते मी, कारण लहानपणी गणपती घाटावर कमरेला वाळका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले, आणि पहिल्या खळाळात पाणी तोंडावर आदळलं तेव्हा तीच धडकी, तोच आनंद. लेक पुढच्या ट्यूबमधून मागे वळून बघत होती. मी ओरडत होते म्हणे.

एका वळणावर पाणी संथ झालं. वाटाड्याने बांबूने काठ दाखवला. 2 नोव्हेंबर 2003 च्या रात्री इथे पुराचा लोंढा आला, वरून ओंडकेच्या ओंडके घेऊन. दोनशेहून जास्त माणसं गेली. तो तेव्हा सात वर्षांचा. आजीचं घर तिथे होतं, म्हणाला. वर डोंगरात झाडं तोडली, म्हणाला. मग पुढे खळाळ आला आणि त्याने बांबू पाण्यात घातला.