खाचरातला जंतू

पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या, बाटल्यांची रीघ लागते. आषाढात त्यातली एक पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू वाढला. पेशंट कोकणातला, पन्नाशीचा; ताप हटत नव्हता, एक्स-रेत डाग. वॉर्डात क्षयाची चर्चा चालू होती.

ग्रॅम स्टेन करून, म्हणजे जंतूंना रंग देऊन, स्लाइड पाहिली. गुलाबी दांडुके, दोन्ही टोकांना रंग गडद आणि मध्ये रिकामं, थेट सेफ्टी पिनेसारखे. एवढ्यावरून जंतूचं नाव सांगता येत नाही, पण मनात खूण पटली होती. म्हणून बाटली आणि प्लेट्स लगेच सेफ्टी कॅबिनेटमध्ये हलवल्या आणि टेक्निशियन मुलांना बजावलं, प्लेट उघडून कोणीही वास घ्यायचा नाही. (ही जुनी सवय आमच्या धंद्यात फार आहे, आणि या जंतूपुढे ती घातक आहे.)

दुसऱ्या दिवशी प्लेटवर बारीक कॉलनी (जंतूंचे ठिपके) आल्या, ऑक्सिडेज ही ओळखचाचणी पॉझिटिव्ह. इथेच ‘सुडोमोनास’ या नेहमीच्या जंतूचं नाव लिहून रिपोर्ट मोकळा केला जातो. पण प्लेटवर ठेवलेल्या अँटिबायोटिकच्या चकत्यांनी वेगळंच सांगितलं. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनच्या कडेपर्यंत जंतू वाढलेला, तर ऑगमेंटिनभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ, म्हणजे तिथे तो वाढलाच नाही. सुडोमोनास ऑगमेंटिनला दाद देत नाही!

वॉर्डात फोन लावला. “शुगर किती आहे? शेती करतात का?”

“मॅडम, शुगर साडेतीनशेच्या वर. लावणी चालू असतानाच ताप आला, पायाला भेगाही आहेत.”

मेलिऑइडोसिस. तो करणारा बर्कहोल्डेरिया सुडोमलाय हा जंतू ओल्या मातीत राहतो आणि कातडीच्या जखमेतून, श्वासातून शिरतो. मधुमेह असला की त्याचं फावतं. रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली हा आजार नोंदवला. भातशेतीच्या आपल्या पट्ट्यात तो डॉक्टरांच्या यादीतच नसतो, याची मला खंत वाटते.

रिपोर्टची वाट न पाहता चालू असलेलं सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक बंद करून मेरोपेनेम सुरू करायला सांगितलं. पुढे संदर्भ प्रयोगशाळेतून पीसीआरने, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या चाचणीने, खात्री झाली. तोवर प्लेटवरच्या कॉलनी कोरड्या, सुरकुतलेल्या झाल्या होत्या. ताप उतरायला आठवडा उलटला.

सुट्टी देताना मी रेसिडेंटकडून कार्डावर ठळक लिहवून घेतलं: कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने, बरं वाटलं तरी बंद करू नये. मध्येच सोडलं तर हा आजार उलटतो.