बीएस्सीला केमिस्ट्री झेपेल का? माझे तीन आठवडे आणि एक शॉर्टकट

बारावीला मला केमिस्ट्रीत थिअरीला 70 पैकी 51 आणि प्रॅक्टिकलला 30 पैकी 28 होते. प्रॅक्टिकलचे 28 कसे पडतात ते ज्याने बारावी सायन्स केलंय त्याला सांगायला नको, शेजारच्या टेबलवर रीडिंग काय आलं ते बघायचं आणि त्यात पॉइंट एक-दोन इकडेतिकडे करून लिहायचं. त्यानंतर घरची अडचण होती म्हणून दोन वर्षं मी मामांच्या डाईंगमध्ये होतो, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सुताच्या लडी, कॉस्टिक सोडा, हायड्रोस (रंगाईत लागणारी पावडर), दिवसभर तेच. यंदा ठरवलं की बीएस्सी करायची आणि केमिस्ट्रीच घ्यायची. कागदपत्रांचं काही विशेष नाही, गॅपचं ॲफिडेव्हिट, टीसी, सगळं दोन दिवसांत झालं. खरा प्रश्न हा होता की मला झेपणार का.

माझी आत्तेबहीण केगावला विद्यापीठात एमएस्सी करते. तिला विचारलं तर म्हणाली मार्क सांगू नकोस, ये रविवारी, पाच प्रश्न देते. मी आपला ऐटीत गेलो, जाताना शेंगाचटणीपण घेऊन गेलो की.

पहिले दोन जमले, समीकरण बॅलन्स करायचं आणि नावावरून फॉर्म्युला लिहायचा. तिसरा होता, एका द्रावणाचा पीएच 3 आणि दुसऱ्याचा 5, तर पहिलं किती पट जास्त आम्ल? मी म्हटलं दोन... मग जीभ चावली, शंभर, पीएचचा एक आकडा म्हणजे दहा पट. तिने ती चूक धरली नाही. अडलो चौथ्यावर आणि असा अडलो की तीन आठवडे तिथंच.

प्रश्न दिसायला इतका साधा की मला हसू आलं. 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड आहे, 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल). कॉस्टिक सोडापण 0.1 मोलर. ॲसिड पूर्ण न्यूट्रल करायला कॉस्टिक किती मिली लागेल? मी दोन सेकंदांत सांगितलं 10. कारण आमच्या क्लासच्या सरांनी (क्लासचं नाव लिहीत नाही, शहरात तोंडं दिसतात) दोन वर्षं एकच मंत्र दिलेला, एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे मिली), आकडे टाका आणि पुढे चला. ताई म्हणाली समीकरण लिही. लिहिलं. एका ऑक्झॅलिकला कॉस्टिक किती लागतात? दोन. मग? मग काय, मी गप्प. पंख्याकडे बघत बसलो.

मला उत्तर चुकल्याचं वाईट नाही वाटलं. राग याचा आला की तो शॉर्टकट पातळ करायच्या गणिताला बरोबर आहे, एकास एक रिॲक्शन असेल तर टायट्रेशनलाही (एक द्रावण मोजून दुसऱ्यात रिॲक्शन पुरी होईपर्यंत सोडणं) चालतो, पण 'कधी चालत नाही' हे वाक्य दोन वर्षांत एकदाही कुणी बोललं नाही. मी फी भरली होती ओ, तीही हप्त्याने. विचारलं असतं तर म्हणाले असते, बोर्डाला येत नाही, सोड.

घरी येऊन अकरावीचं पुस्तक काढलं, पहिलंच प्रकरण, मोलवालं. अव्होगाड्रोचा आकडा 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात झोपेतही पाठ, पण मोल म्हणजे मोजायचं माप आहे, डझनासारखं, हे डोक्यात उतरलंच नव्हतं. मी फॉर्म्युले बंद केले आणि फक्त मोजायला लागलो. 10 मिली, प्रत्येक मिलीत 0.1 मिलिमोल, म्हणजे झाला 1 मिलिमोल. त्याला कॉस्टिक 2 मिलिमोल पाहिजे. कॉस्टिकच्याही एका मिलीत 0.1च आहे, म्हणजे 20 मिली. एवढंच! सूत्र लागलंच नाही. पण हे हाताला बसायला मला रोज रात्री दहा-बारा गणितं आणि वीस दिवस लागले, कारण सवयीने हात आधी एम वन व्ही वन लिहायचा.

त्यात पुन्हा एकदा आपटलो. ताईने सांगितलं, 0.1 मोलरचं 250 मिली करायला ऑक्झॅलिक किती ग्रॅम तोलशील? मी रेणूभार 90 धरून 2.25 काढलं. बाटलीवर काय लिहिलेलं असतं ते आठव म्हणाली. डायहायड्रेट! स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणजे 126, म्हणजे 3.15 ग्रॅम. मामांकडे रोज पोती तोलून टाकणारा मी, आणि पाण्याचं वजन विसरलो.

हां, लॉगचं सांगायचं राहिलं. बोर्डाला कॅल्क्युलेटर नव्हता म्हणून लॉग टेबल बघता येतं, पण कायनेटिक्समधला (रिॲक्शनच्या वेगाच्या गणितातला) तो 2.303 कुठून आला हे विचारलं (हा तिचा पाचवा प्रश्न) तर आमच्या ग्रुपमधल्या एकालाही सांगता आलं नाही. नॅचरल लॉगचा दहाच्या लॉगमध्ये बदल करताना येतो, बास. ज्यांनी मॅथ्स सोडून बायो घेतलंय त्यांनी लॉग, ग्राफचा स्लोप आणि थोडं डेरिव्हेटिव्ह आधी बघून ठेवा, फिजिकल केमिस्ट्रीत त्याच्याशिवाय पान हलत नाही. ऑर्गॅनिकचं म्हणाल तर मला भीती नव्हती, अजूनही नाही, बघू.

आणि दहावीपर्यंत मराठीतून झालेल्यांनो, घाबरू नका. मला क्षपण हा शब्द माहीत होता, रिडक्शन परका वाटायचा. एकदा डाईंगमध्ये टाकीजवळ उभा होतो, कॉस्टिक आणि हायड्रोस टाकल्यावर व्हॅट रंग पाण्यात विरघळतो आणि लडी वर काढून हवा लागली की परत पक्का होतो, तेव्हा चमकलं की अरे, हेच क्षपण आणि हेच ऑक्सिडीकरण, दोन वर्षं मी यातच हात घालून बसलोय. मामांना सांगितलं तर म्हणाले, बरं, आता टाकी हलव.

तर शेवटी घेतली केमिस्ट्री. सुरुवातीच्याच प्रॅक्टिकलला नेमकं हेच आलं, ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेली मापाची नळी) कॉस्टिक, खाली 10 मिली ऑक्झॅलिक आणि दोन थेंब फिनॉल्फथॅलीन, ॲसिड संपलं की गुलाबी होणारं. शेवटी एकेक थेंब सोडत गेलो, फिकट गुलाबी टिकला तेव्हा रीडिंग 19.8. शेजारच्याने माझ्या वहीत डोकावून बघितलं आणि हळूच म्हणाला, अरे तुझं चुकलंय, दहा यायला पाहिजे.

मी विचारलं, क्लास कुठला रे तुझा? तोच निघाला.