भिंतीमागचे पाणी

बावधनच्या चढावरील एका बंगल्याच्या बागेतील भिंत गेल्या जुलैमध्ये माझ्या डोळ्यांदेखत पडली. कोणालाही इजा झाली नाही आणि आज त्या जागी दुसरे बांधकाम उभे आहे. तरीही बावीस वर्षे बागांची कामे केलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती भिंत अजून सोडत नाही, कारण ती बांधण्यापूर्वी तिच्या मालकाने मला फोन केला होता.

मालक निवृत्त बँक अधिकारी. मी त्यांना काका म्हणतो. बाग स्वतःच्या हातांनी करायची हा त्यांचा जुना संकल्प होता. एप्रिलमध्ये त्यांनी विचारले, "नऊ इंची वीटकाम चार फुटांपर्यंत चालेल ना?" मी तेव्हा वाघोलीच्या एका कामावर लॉनचे गठ्ठे उतरवून घेत होतो. भिंत म्हणजे कुंपणाची भिंत असे मी गृहीत धरले आणि उत्तर दिले, "मुरूम लागेपर्यंत पाया खोदा, पाणी चांगलं मारा, चालेल." मोकळ्या उभ्या राहणाऱ्या भिंतीसाठी ते उत्तर बरोबर होते. त्यांची भिंत मात्र मोकळी नव्हती. चार फूट मातीचा भराव तिच्या पाठीला लागणार होता.

बागेच्या कामात झाडे सर्वांत शेवटी येतात, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दहा दिवसांचे काम असेल तर सात दिवस ढाळ, पाइप, भराव आणि माती यांतच जातात. हे सात दिवस डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ग्राहक त्यांचे पैसे द्यायला कुरकुर करतात आणि घरी काम करणारे हौशी लोक नेमके तेच दिवस वगळतात.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात सलग चार दिवस पाऊस लागला होता. रविवारी सकाळी काकांचा फोन आला, "भिंतीनं पोट काढल्यासारखं वाटतंय, जरा बघून जाल का?" मी तासाभरात पोहोचलो. पाहिल्याबरोबर मनात आले ते भीतीच्या आधी कौतुकच, आणि ते इथे लिहिलेच पाहिजे. तीस फूट लांबीच्या त्या भिंतीतील प्रत्येक सांधा सारखा होता, थर पाण्याच्या नळीने लेव्हल काढून घेतलेले होते, कोपरे काटकोनात होते, आणि गोणपाट गुंडाळून दहा दिवस दोन वेळा पाणी मारल्याचे काकूंनी सांगितले. मजुरीवर काम करणारे कितीतरी गवंडी इतके नेटके काम करत नाहीत. दोष वीटकामात नव्हताच.

मी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. वर दोरी विटेला लागून होती आणि निम्म्या उंचीवर वीट दोरीच्या बाहेर आली होती, म्हणून दोरी खुंटीने पुढे घेऊन पुन्हा मोजले. फुगवटा २२ मिलिमीटर भरला. तिथेच एका आडव्या सांध्यातून दाभणाएवढी पाण्याची धार येत होती, तांबूस नव्हे तर काळपट, आणि बोट लावले की बोटावर चिकट गाळ राहत होता. संपूर्ण भिंतीत पाणी बाहेर पडायला एकही छिद्र नव्हते. काकांनी ते मुद्दाम ठेवले नव्हते, कारण पांढऱ्या रंगावर ओघळ उठले असते.

भराव काळ्या मातीचा होता. शेजारच्या प्लॉटची खोदाई चालू असताना ती माती फुकट मिळाली होती. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्याच्या उन्हात तिला दोन-दोन बोटे रुंद भेगा पडल्या असणार, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट भिंतीच्या पायाशी उतरले असणार. त्यानंतर माती फुगून भेगा मिटल्या आणि आत गेलेल्या पाण्याला वाट उरली नाही. त्यातच गच्चीचा पावसाळी पाइप काकांनी याच वाफ्यात सोडला होता. पाणी गटारात वाया न घालवता जमिनीत जिरवावे हा त्यांचा हेतू चांगलाच होता, पण हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी सुमारे ९०० लिटर पाणी होते, आणि ते सगळे त्या भिंतीच्या पाठीशी जात होते.

घरी काम करणाऱ्यांनी हा हिशेब आधी समजून घ्यावा असे मला कळकळीने वाटते. भिंतीमागे १.२ मीटर पाणी साचले तर केवळ पाण्याचा रेटा दर मीटर लांबीला सुमारे ७२० किलो होतो, मातीचा रेटा वेगळाच. तेवढ्याच लांबीच्या नऊ इंची वीटकामाचे स्वतःचे वजन मात्र जेमतेम ५०० किलो भरते. उंची दुप्पट झाली की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून दोन फुटांचा वाफा घरच्या घरी करता येतो, आणि चार फुटांची तशीच भिंत तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय करू नये.

भिंतीच्या खालच्या बाजूला काकांच्या नातवांचा झोपाळा होता. तिकडे जाणारी वाट आम्ही दोरी बांधून बंद केली. काकांना बांबूचे टेकू लावायचे होते. मी स्पष्ट नकार दिला, कारण टेकू लावणारा माणूस नेमका पडणाऱ्या भिंतीच्या पुढ्यात उभा असतो. छिद्रे पाडायलाही मी तयार नव्हतो. हातोड्याच्या हादऱ्याने ती तेव्हाच गेली असती. गच्चीचा पाइप आम्ही रस्त्याकडे वळवला, वाफ्यावर ताडपत्री टाकली आणि भिंतीच्या टोकापलीकडून मातीत चर खोदायला घेतला, म्हणजे पाणी बाजूने निघून जावे. तासाभराने बाजूला उभे राहून पुन्हा माप घेतले, तेव्हा फुगवटा ३१ मिलिमीटर झाला होता. मी माणसांना चरातून बाहेर बोलावले.

साडेतीनच्या सुमारास मधला बारा फुटांचा भाग एकसंध आडवा झाला. विटा सुट्या झाल्या नाहीत, इतका मसाला पक्का होता. झोपाळ्याचा एक खांब वाकला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागे भराव आहे का, असं तुम्ही विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं." त्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर मी दिले होते, पण काय विचारायला हवे हे ठाऊक असणे हे माझे काम होते, त्यांचे नव्हे.

डिसेंबरमध्ये त्यांनी पुन्हा काम काढले, आणि ते स्वतःच करण्यावर ते ठाम राहिले. या वेळी माझ्याकडचे मुळशीचे जुने गवंडी मामा आठ दिवस त्यांच्या सोबतीला होते. डोंगरउतारावरच्या शेतांत सिमेंटशिवाय दगडी ताली रचतात, तशाच दोन-दोन फुटांच्या दोन ताली घातल्या, आणि दोन्हींमध्ये चार फुटांचा सपाट टप्पा ठेवला, म्हणजे वरच्या भरावाचा भार खालच्या तालीवर येत नाही. काळे दगड, मोठे पायाला. प्रत्येक थर किंचित आत, चढाच्या बाजूला कललेला. मधून मधून भरावात खोल जाणारा लांब दगड. फटींत चिपा ठोकलेल्या. पाठीमागे फूटभर खडी, तिच्या आणि भरावाच्या मध्ये पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाईलचे कापड, भराव मुरुमाचा, आणि वर फक्त सव्वा फूट लाल माती व शेणखत. दगड हातात फिरवून त्याची बैठक कशी शोधायची, हे मामांनी काकांना शिकवले. तिसऱ्या दिवसापासून ते मामांना विचारल्याशिवाय दगड निवडू लागले.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री काकांनी मला एक व्हिडिओ पाठवला. बॅटरीच्या उजेडात खालच्या तालीच्या दुसऱ्या थरातून पाणी झिरपत होते, आधी गढूळ आणि मग नितळ. खाली दोनच शब्द लिहिले होते : पाणी येतंय. मी तो तीनदा पाहिला, तेव्हा वरच्या तालीचे डावे टोक कोरडे असल्याचे ध्यानात आले. सकाळी जाऊन पाहिले तर तिथे कापड सरकून चिपांमध्ये माती बसली होती. काकांनी आणि मी मिळून चार दगड उतरवले, माती काढली, कापड पुन्हा बसवले आणि दगड परत रचले.